इंडियागेम्स : एका गेमनिर्मिती संस्थेचा उदय आणि अस्त – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासलेखनात बंद पडलेल्या संस्थांना मोठे स्थान आहे. १९८२ च्या संपानंतर मुंबईतील कापड गिरण्यांची झालेली वाताहत, आजारी पडलेले सहकारी साखर कारखाने, मोडीत निघालेल्या नाटक कंपन्या यांवर विपुल लेखन झाले आहे व होत आहे. या लेखनास साधनांची वाण पडत नाही. गिरणी बंद पडली तरी तिची चिमणी उरते, हजेरीपट उरतात, कामगार संघटनांचे ठराव आणि न्यायालयातील दावे उरतात. कारखाना बंद पडला तरी त्याचे वार्षिक अहवाल सभासदांच्या माळ्यावर सापडतात. परंतु ज्या संस्थेचे उत्पादन हातात धरता येत नव्हते, ज्याची विक्री दूरध्वनीच्या तारेविना होत होती आणि ज्याचा ग्राहक वर्षा-दोन वर्षांत आपले उपकरण बदलून जुने मोडीत देत होता, अशा संस्थेचा इतिहास कसा लिहावयाचा, हा प्रश्न आपल्या विद्याशाखेने अद्याप फारसा विचारलेला नाही.

या विषयाकडे लक्ष वेधले ते पदवीच्या तृतीय वर्षातील एका विद्यार्थ्याने. प्रकल्पासाठी त्याने 'मोबाईलवरील खेळांचा इतिहास' असा विषय मागितला, तेव्हा प्रस्तुत लेखकाने तो हसण्यावारी नेला, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. आठवडाभराने तो विट्यातील एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातून बंद हँडसेटची एक पिशवी घेऊन विभागात आला. त्यांतील तीन सुरू झाले. एकात क्रिकेटचा एक गेम होता. एक षटक खेळून झाले की तो थांबे आणि पूर्ण गेम हवा असल्यास अमुक क्रमांकावर संदेश पाठवावा, असे सांगे. त्या क्रमांकाच्या पलीकडे आता कोणीही नाही. एका संपूर्ण व्यवसायाचा असा अवशेष समोर आल्यावर विषय नाकारण्याचे कारण उरले नाही.

प्रस्तुत लेखात मुंबई येथे १९९९ मध्ये स्थापन झालेल्या 'इंडियागेम्स' या संस्थेचा विचार केला आहे. भारतातील मोबाईल गेमच्या व्यवसायाची पायाभरणी ज्या मोजक्या संस्थांनी केली, त्यांत तिची गणना होते. तिच्या अस्ताचे प्रचलित स्पष्टीकरण असे की, अमेरिकेतील डिस्ने कंपनीने ती विकत घेतली आणि पुढे गेमनिर्मितीतून अंग काढून घेतले. हे खरे असले तरी अपुरे आहे. ही संस्था ज्या दोन आधारांवर उभी राहिली ते दोन्ही आधार प्रथमपासूनच परक्याचे होते आणि तिच्या अस्ताची बीजे तिच्या उत्कर्षाच्या पद्धतीतच होती, असे येथे मांडावयाचे आहे.

स्थापना आणि आरंभीचा काळ

संस्थेचे संस्थापक विशाल गोंडल. १९९९ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे. एक, इंटरनेट कंपन्यांविषयीचा उत्साह त्या वेळी शिगेला पोहोचला होता. दुसरे, त्याच उन्हाळ्यात कारगिलचे युद्ध झाले. कारगिलवर बेतलेल्या एका लहानशा गेमने गोंडल यांच्याकडे लोकांचे लक्ष वेधले गेले. संगणकावर भारतीय विषयाचा गेम दिसणे हीच त्या काळी अपूर्वाई होती. पुढे मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींसाठी गेम तयार करून देण्याची कामे मिळाली आणि भांडवलही उभे राहिले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. त्या काळी भारतात संगणकीय गेम विकत घेणारा ग्राहक जवळजवळ नव्हताच. घरी संगणक असणारी कुटुंबे थोडी आणि ज्यांच्याकडे तो असे त्यांच्याकडील गेम बहुधा नकली सीडीवरील असत. विट्यासारख्या तालुक्याच्या गावी संगणक म्हणजे टंकलेखन संस्थेच्या शेजारी उघडलेले प्रशिक्षण वर्ग. अशा स्थितीत गेम तयार करून जगण्याचे दोनच मार्ग होते : परदेशी संस्थांची कामे करून देणे, किंवा ज्याच्याकडून पैसे वसूल होण्याची शाश्वती आहे असा नवा ग्राहक शोधणे. पहिला मार्ग बंगळूरच्या ध्रुव इंटरॅक्टिव्हने यशस्वीपणे अनुसरला. इंडियागेम्सने मुख्यत्वे दुसरा धरला आणि तो ग्राहक तिला मोबाईल फोनवर भेटला.

मोबाईलचा पडदा

मे २००३ पासून भारतात येणाऱ्या कॉलसाठी पैसे पडणे बंद झाले. त्याच वर्षी रिलायन्सने अल्प आरंभिक रकमेत हँडसेट देऊ केला व त्यात 'आर वर्ल्ड' नावाची सेवा आली. खानापूर तालुक्यातून गलाईच्या धंद्यानिमित्त परप्रांती गेलेल्या कुटुंबांनी फोन झपाट्याने स्वीकारला, कारण त्यांना गावाकडचा आवाज ऐकावयाचा होता. परंतु त्या फोनमध्ये पडदा होता, चार-आठ कळा होत्या आणि मुख्य म्हणजे आगाऊ भरलेली शिल्लक होती. खेळाची किंमत त्या शिल्लकीतून आपोआप वजा होई. नकली सीडीच्या देशात गेमचे पैसे वसूल करण्याची ही पहिली खात्रीची व्यवस्था.

मात्र ही व्यवस्था ज्याच्या हाती होती तो दूरध्वनी कंपनीचा मक्ता होता. ग्राहकास फोनवर कोणता गेम दिसावा, यादीत कोणता वर राहावा, त्याची किंमत किती, हे ती कंपनी ठरवी. वसूल झालेल्या रकमेतील मोठा वाटा ती स्वतःकडे ठेवी. उरलेल्यात मध्यस्थ, पात्राचा परवाना देणारी संस्था आणि सर्वांत शेवटी गेम तयार करणारी संस्था. बाजार समितीच्या आवारात शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली, तोलाई, अडत वजा होत जाते, तसाच हा हिशेब.

त्या काळच्या कामाचे स्वरूपही समजून घेण्यासारखे आहे. आजच्या वाचकास त्याची कल्पना येणे कठीण. नोकियाच्या साध्या फोनवर जावा पद्धतीचा संपूर्ण गेम, म्हणजे चित्रे, ध्वनी, नियम आणि सूचना यांसह, चौसष्ट किलोबाइटमध्ये बसवावा लागे. आजच्या फोनने काढलेल्या एका छायाचित्रास याच्या कितीतरी पट जागा लागते. त्यातून प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक हँडसेटचा पडदा निराळ्या मापाचा. एकाचा १२८ बाय १२८ ठिपक्यांचा, दुसऱ्याचा १७६ बाय २०८. कळांचे क्रमांक निराळे, ध्वनीची पद्धत निराळी, स्मृतीची मर्यादा निराळी. त्यामुळे एकच गेम शेकडो हँडसेटवर चालावा म्हणून त्याच्या तितक्याच आवृत्त्या कराव्या लागत. या कामास पोर्टिंग म्हणत. एक गेम रचावयास चार-सहा जण पुरत. परंतु त्याचे पोर्टिंग आणि तपासणी यांसाठी खोल्याच्या खोल्या भरून तरुण मुले बसत. समोर टेबलावर हँडसेटची रांग, प्रत्येकावर तोच गेम, तीच पहिली पायरी, पुन्हा पुन्हा. पाश्चात्त्य स्टुडिओंना हे काम आपल्या देशात परवडत नसे, मुंबईस परवडे. म्हणून जगाच्या बाजारात भारतीय संस्थांना जागा मिळाली ती कथेच्या किंवा कल्पनेच्या बळावर नव्हे, तर या कंटाळवाण्या, काटेकोर आणि कमी वेतनाच्या श्रमाच्या बळावर. कल्पक संस्थापकांच्या यशोगाथांत या खोल्यांचा उल्लेख क्वचितच येतो, हे इतिहासाच्या अभ्यासकाने मुद्दाम नोंदवले पाहिजे.

परवान्याची पात्रे

मोबाईल गेम विकत घेताना ग्राहकास काय दिसे? यादीतील एक ओळ, फार तर एक लहान चित्र. आधी खेळून पाहण्याची सोय अल्प. अशा वेळी ओळखीचे नाव हीच जाहिरात. इंडियागेम्सने हे लवकर ओळखले. स्पायडर-मॅन, गॉडझिला, ब्रूस ली अशा जगप्रसिद्ध नावांचे परवाने घेऊन तिने मोबाईल गेम आणले. 'बायोशॉक' हा संगणकावर गाजलेला गेम मोबाईलवर आणण्याचे कामही याच संस्थेने केले. मुंबईत तयार झालेला गेम युरोप-अमेरिकेतील दूरध्वनी कंपन्यांच्या यादीत झळकू लागला, ही त्या वेळी साधी गोष्ट नव्हती, आणि आज तिला कमी लेखण्याचे कारण नाही. देशी बाजारासाठी क्रिकेट होतेच. २००८ मध्ये आयपीएल सुरू झाल्यावर वीस षटकांच्या क्रिकेटचे गेम संस्थेने संगणक व मोबाईल या दोहोंसाठी काढले. हिंदी चित्रपटांबरोबर गेम काढण्याची पद्धतही रुळली. २०११ मधील 'रा.वन' हे त्याचे परिचित उदाहरण.

परंतु परवान्याचा व्यवहार मुदतीचा असतो. मुदत संपली की पात्र मालकाकडे परत जाते आणि त्याबरोबर गेमही बाजारातून उठतो. विट्याच्या वाचकास हे गलाईच्या उदाहरणाने सहज समजेल. आपल्याकडचा गलाई व्यावसायिक दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत कोणत्याही शहरात जातो आणि सराफाचे जुने सोने गाळून शुद्ध करून देतो. कौशल्य त्याचे, भट्टी त्याची, जोखीमही बरीचशी त्याची. सोने मात्र सराफाचे. संध्याकाळी ते परत द्यावयाचे असते. इंडियागेम्सने आपल्या उमेदीच्या काळात अनेक मौल्यवान पात्रे गाळून दिली; तिच्या स्वतःच्या तिजोरीत त्या तोडीचे एकही पात्र जमा झाले नाही.

हे अटळ होते असे म्हणता येत नाही, आणि येथे फिनलंडमधील रोव्हिओ या संस्थेशी तुलना उपयुक्त ठरते. २००३ मध्ये स्थापन झालेली ही संस्थाही अनेक वर्षे मोबाईलवरील गेम रचत होती, त्यांतील बरेच इतरांसाठी. पन्नासाहून अधिक गेम केल्यानंतर, दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना, डिसेंबर २००९ मध्ये तिने 'अँग्री बर्ड्स' प्रकाशित केला. त्यातील पक्षी तिचे स्वतःचे होते. पुढील दशकभर खेळणी, चित्रपट, कपडे या सर्वांतून त्या पक्ष्यांनी संस्थेस पोसले. २०२३ मध्ये जपानच्या सेगा कंपनीने रोव्हिओ विकत घेतली तीही मुख्यतः त्या पक्ष्यांसाठीच. कौशल्याची भांडवलात बेगमी करण्याचा हा मार्ग मुंबईतील संस्थेस उघडा होता. तिने तो का धरला नाही, याचे उत्तर तिच्या मालकीच्या इतिहासात शोधावे लागते.

मालकीची स्थित्यंतरे

२००४ च्या अखेरीस बीजिंग येथील टॉम ऑनलाइन या कंपनीने इंडियागेम्सचा बहुसंख्य हिस्सा घेण्याचा करार केला. किंमत सुमारे पावणेदोन कोटी डॉलर. टॉम ऑनलाइनचा व्यवसाय चीनमधील मोबाईल ग्राहकांना गाणी, संदेश, चित्रे पुरविण्याचा होता. चिनी कंपनीने भारतीय गेमनिर्मिती संस्था विकत घ्यावी, ही घटना आज जितकी आश्चर्याची वाटेल तितकी तेव्हा वाटली नाही. पाठोपाठ सिस्को आणि मॅक्रोमीडिया या अमेरिकी कंपन्यांनीही अल्प हिस्सा घेतला. २००७ मध्ये रॉनी स्क्रूवाला यांच्या यूटीव्हीने बहुसंख्य मालकी मिळविली. चित्रपट, दूरदर्शन वाहिन्या आणि गेम एका छत्राखाली आणावेत हा यूटीव्हीचा हेतू होता; त्याच काळात तिने इंग्लंडमधील इग्निशन ही गेम कंपनीही घेतली. २०११ मध्ये डिस्नेने इंडियागेम्स पूर्णपणे आपल्याकडे घेतली आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये यूटीव्हीही डिस्नेच्या मालकीची झाली. २०१३ मध्ये संस्थापक गोंडल बाहेर पडले व पुढे त्यांनी आरोग्यविषयक 'गोकी' हा उपक्रम सुरू केला.

सात-आठ वर्षांत तीन धनी. प्रत्येक धन्याचा हेतू वेगळा : पहिल्यास भारतीय मोबाईल बाजारात पाय ठेवावयाचा होता, दुसऱ्यास चित्रपटास जोड हवी होती, तिसऱ्यास आपल्या पात्रांसाठी भारतात घर हवे होते. स्वतःचे पात्र घडविणे हे पाच-दहा वर्षांचे आणि बहुधा फसणारे काम. ज्या मालकाचा हिशेब पुढील विक्रीपर्यंतचाच असतो, त्याला ते परवडत नाही. परवान्याचे पात्र मात्र पुढच्याच तिमाहीत पैसे मिळवून देते. संस्थेतील व्यक्तींना कल्पकता नव्हती, असा निष्कर्ष कोणी काढू नये. कल्पकतेस जो अवधी लागतो तो मालकीच्या रचनेत बसत नव्हता.

पडदा बदलतो

जुलै २००८ मध्ये ॲपलचे ॲप स्टोअर उघडले, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइडचे. दूरध्वनी कंपनीच्या यादीस वळसा घालून ग्राहक थेट जगाच्या दुकानात पोहोचला. वरवर पाहता ही निर्मात्याची मुक्तता होती. प्रत्यक्षात भारतीय निर्मात्यांसाठी ती काही काळ आपत्तीच ठरली, आणि त्याची कारणे आपल्या दैनंदिन व्यवहाराशी निगडित आहेत.

शिल्लकीतून पैसे कापून घेण्याची जुनी व्यवस्था नव्या दुकानात नव्हती. तेथे क्रेडिट कार्ड लागे. ते किती भारतीयांकडे होते? गेम उतरवून घेण्याच्या संख्येत भारत झपाट्याने पुढे गेला. पैसे देण्यात मात्र मागेच राहिला. गूगलने भारतातील किमान किंमत पन्नास रुपयांवरून दहा रुपयांवर आणली ती २०१५ मध्ये. यूपीआय आले २०१६ मध्ये. दरम्यान गेम विनामूल्य देऊन आतील वस्तू विकण्याची पद्धत जगभर रूढ झाली आणि तिच्यासाठी लागणारे मोठे जाहिरात-भांडवल ज्यांच्याकडे होते त्यांचीच सरशी झाली.

इकडे जुनी व्यवस्थाही ढासळत होती. ग्राहकाच्या नकळत सेवा सुरू करून पैसे कापले जातात, अशा तक्रारी देशभर वाढल्या होत्या. त्या खोट्या नव्हत्या. आपल्यापैकी अनेकांनी न मागितलेल्या गाण्याचे पैसे दिले आहेत. २०११ आणि पुन्हा २०१३ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ग्राहकाची स्पष्ट व दुहेरी संमती सक्तीची केली. हा निर्णय ग्राहकहिताचा होता, यात शंका नाही. परंतु त्याने मोबाईलवरील गाणी, संदेश, गेम या सर्वच मूल्यवर्धित सेवांचे उत्पन्न आटले. पोर्टिंगच्या खोल्याही ओस पडू लागल्या, कारण हँडसेटचे शेकडो प्रकार जाऊन दोनच पद्धती उरल्या. ज्या श्रमाने भारतास या बाजारात प्रवेश मिळवून दिला होता, त्या श्रमाचीच गरज संपली.

अस्त

डिस्नेच्या मालकीत आल्यावर संस्थेच्या परवान्याच्या प्रश्नाने विलक्षण वळण घेतले. आजवर ती पात्रे भाड्याने घेत होती; आता तिची मालक कंपनीच जगातील सर्वांत मोठ्या पात्रसंग्रहाची स्वामिनी होती. परवान्याचा खर्च हा प्रश्न मिटला असे वाटले असेल. २०१३ मधील 'चेन्नई एक्स्प्रेस' सारख्या स्वतःच्या घरच्या चित्रपटांवरही गेम निघाले. परंतु याच टप्प्यावर संस्थेच्या अस्तित्वाचा हिशेब वेगळ्या वहीत गेला. पात्रे ज्याच्या मालकीची, त्याच्यापुढे दोन पर्याय असतात : गेम स्वतः करावा, किंवा पात्र दुसऱ्यास भाड्याने देऊन घरबसल्या वाटा घ्यावा.

मे २०१६ मध्ये डिस्नेने दुसरा पर्याय निवडला. 'डिस्ने इन्फिनिटी' ही गेममालिका थांबविण्यात आली, अमेरिकेतील अव्हलांच हा स्टुडिओ बंद करण्यात आला आणि यापुढे प्रामुख्याने परवाने देण्याचेच धोरण राहील असे जाहीर झाले. या निर्णयाच्या मागोमाग भारतातील गेमनिर्मितीचा विभागही गुंडाळला गेला. म्हणजे, ज्या संस्थेने सारे आयुष्य इतरांकडून परवाने घेऊन गेम केले, तिचा शेवट, गेम करण्यापेक्षा परवाने विकणे लाभाचे आहे, असे ठरविणाऱ्या मालकाच्या हातून झाला.

हा अनुभव एकट्या मुंबईचा नाही. अमेरिकेतील वेस्टवुड स्टुडिओज १९८५ मध्ये सुरू झाला, १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने घेतला आणि २००३ मध्ये बंद केला. त्याच्याकडे तर स्वतःचे गाजलेले गेम होते. ते मालकाकडे राहिले, माणसे पांगली. तेव्हा स्वतःचे पात्र असते तर संस्था वाचलीच असती, असेही ठामपणे म्हणता येणार नाही. समकालीनांपैकी मुंबईचीच नझारा टिकली आणि मार्च २०२१ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. परंतु ती टिकली ती प्रामुख्याने इतर संस्था विकत घेऊन, म्हणजे गलाईची भट्टी सोडून पेढी उघडल्यामुळे, असे म्हणावेसे वाटते.

कोल्हापूरची तुलना

विट्याहून फार दूर नसलेल्या कोल्हापुरात एका स्टुडिओचा उदय आणि अस्त शतकापूर्वी झाला होता. बाबूराव पेंटर यांनी १ डिसेंबर १९१७ रोजी महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली. तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले. कॅमेरा मिळेना तेव्हा तो कोल्हापुरातच घडविण्यात आला. १९२० चा 'सैरंध्री', १९२३ चा 'सिंहगड', १९२५ चा 'सावकारी पाश' अशा चित्रपटांनी कंपनीने कीर्ती मिळविली. १९२९ मध्ये व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर हे चौघे बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी १ जून रोजी 'प्रभात' सुरू केली. १९३१ मध्ये बोलपट आला आणि त्याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली.

तंत्र बदलले आणि स्टुडिओ मोडला, हे दोन्हीकडे समान. कोल्हापूरच्या संस्थेस परवान्याची अडचण नव्हती. पुराणे आणि मराठ्यांचा इतिहास हे सर्वांचे सोने होते. तरीही ती वाचली नाही. खरा फरक आहे तो मोडल्यानंतरचा. कोल्हापुरातून बाहेर पडलेल्या चौघांची नावे आपल्याला पाठ आहेत, कारण चित्रपटाच्या पडद्यावर, जाहिरातीत, वृत्तपत्रात ती येत होती. त्यांनी काय शिकून घेतले आणि पुढे कोठे वापरले, हे दाखविता येते. चौसष्ट किलोबाइटच्या गेममध्ये श्रेयनामावलीस जागा कोठून असणार? प्रत्येक अक्षर तोलून घातले जाई. पडद्यावर परवानाधारकाचे चिन्ह येई, कारण करारात तशी अट असे. रचणाऱ्याचे, रंगविणाऱ्याचे, चारशेव्या हँडसेटवर तपासणाऱ्याचे नाव येत नसे. ही माणसे पुढे मुंबई, पुणे, बंगळूर येथील इतर संस्थांत गेली. पुण्यातील नॉडिंग हेड्स या छोट्या संस्थेने २०२० मध्ये 'राजी' हा भारतीय पुराणकथांच्या वातावरणातील गेम जगभर प्रकाशित केला, तेव्हा भारतात असे काम करू शकणारा कारागीरवर्ग तयार झालेला होता. तो काही आकाशातून पडला नव्हता. परंतु कोण कोठून कोठे गेला, याचा धागा कोल्हापूरच्या बाबतीत जसा हाती लागतो तसा येथे लागत नाही.

साधनांचा प्रश्न

भारतात तेराशेंहून अधिक मूकपट तयार झाले. त्यांतील सुमारे तीसच आज पूर्ण वा अंशतः उपलब्ध आहेत. 'सैरंध्री' आपण पाहू शकत नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये, म्हणजे मूकपटांचा काळ संपल्यानंतर तीसहून अधिक वर्षांनी. तोवर नायट्रेटच्या फिती जळून, विरघळून अथवा त्यांतील चांदी काढून घेण्यासाठी विकल्या जाऊन नष्ट झाल्या होत्या. मोबाईल गेमच्या बाबतीत हा काळ याहून वेगाने सरत आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. ही स्थिती ज्या देशात गेम पेटीतून, सीडीवर विकले गेले त्या देशाची. आपल्याकडील गेम तर केवळ हवेतून फोनमध्ये आले.

१९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशित पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयास देणे बंधनकारक आहे. त्यामुळे एखाद्या तालुक्याच्या गावी छापलेली पुस्तिकाही कोलकात्यात सापडण्याची शक्यता असते. गेमसाठी अशी व्यवस्था नाही. त्यात परवान्याची गुंतागुंत : मुदत संपलेल्या पात्राचा गेम जतन करून दाखविणे म्हणजे त्याची नक्कल करणे होय आणि नकलेचा अधिकार ना रचणाऱ्याकडे, ना ग्रंथालयाकडे. केंद्राने २०२२ मध्ये ॲनिमेशन व गेमिंग क्षेत्रासाठी कार्यदल नेमले, राज्यानेही २०२५ मध्ये धोरण मंजूर केले. त्यांविषयीची सार्वजनिक चर्चा मुख्यतः गुंतवणूक आणि रोजगार यांभोवती फिरताना दिसते. ज्या क्षेत्रास आपण उदयोन्मुख म्हणतो त्याला एक पंचवीस वर्षांचा भूतकाळ आहे आणि त्यात एक पूर्ण उदयास्त होऊन गेला आहे, हे त्या चर्चेत येत नाही.

महाविद्यालयीन पातळीवर काही गोष्टी मात्र तातडीने करता येण्यासारख्या आहेत. त्या संस्थांत काम केलेली माणसे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांतील काही आपल्याच जिल्ह्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून गेलेली असणार. त्यांच्या मुलाखती घेणे ही मौखिक इतिहासाची सरळ कामगिरी आहे आणि त्यासाठी कोणाच्या परवान्याची गरज नाही. जुन्या हँडसेटवरील गेमची छायाचित्रे, कळांचा क्रम, किमतीचे संदेश यांची नोंदवही ठेवता येते. गलाईच्या धंद्यात सराफाच्या पेढीवरील केरही टाकून देत नाहीत. तो जाळून, धुऊन त्यातील कण वेगळे काढतात.

उपरोक्त विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पात तीनही हँडसेटवरील एकूण अकरा गेमची अशी नोंद केली. सातांवर परवानाधारकाचे किंवा दूरध्वनी कंपनीचे नाव होते, चारांवर रचणाऱ्या संस्थेचे. व्यक्तीचे एकावरही नव्हते. हँडसेट आता विभागाच्या कपाटात, पुरावशेषांच्या छायाचित्रांशेजारी ठेवले आहेत. एकाची बॅटरी फुगू लागल्याने ती काढून वेगळी ठेवावी लागली. बारीक पिनचा चार्जर मात्र लागेल तेव्हा त्या दुकानदाराकडूनच आणावा लागतो. त्याच्याकडे तो एकच उरला आहे.